पिकनिकचे तुकडे दोन की तीन? (इंग्रजी सिलॅबल, मदत हवी आहे)

मीठमोहरी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. मी आणि नवरा दोघंही मराठी माध्यमाचे, एबीसीडी थेट पाचवीत भेटलेली. परवा लेक एक वर्कशीट घेऊन आली, दहा शब्द, प्रत्येकात रेघ मारून सिलॅबल पाडायचे. दहापैकी चार. आता मार्कांचं मला फार नाही हो, पण चुका बघून मी चक्रावले. डॉक्टरचे तिने तीन तुकडे केलेले, डी ओ, मग सी टी ओ, मग आर. पिकनिकचे पण तीन, पी आय, सी एन आय, सी. बास्केटचं तेच. मी म्हटलं अगं हे कसलं तोडलंयस, तर म्हणते डॉ, क्ट, र! पि, क्नि, क! तूच नाही का मला पुस्तक लिहायला शिकवताना पु, स्त, क असं सांगितलंस. मी गार.

म्हणजे तिच्या हिशोबाने ती बरोबरच आहे ना? मराठीत जोडाक्षर तोडत नाही आपण, मग इंग्रजीत का तोडायचं हे मला सांगता येईना. टेबलचे तिने टी ए बी आणि एल ई केले तेही चूक. आणि सगळ्यात कहर म्हणजे कॅमल. तिने सी ए आणि एम ई एल असं केलं, मला तर ते बरोबरच वाटलं, कॅ-मल, पण टीचरनी लाल फुली मारलीय. मोबाईलवर डिक्शनरी काढली तर तिथे सी ए एम, टिंब, ई एल. आणि टायगरला मात्र टी आय, टिंब, जी ई आर. एकाच प्राणिसंग्रहालयातले दोन प्राणी, एकाला एक न्याय दुसऱ्याला दुसरा??

आणि हे करून नक्की मिळतं काय? आम्ही स्पेलिंगं कशी पाठ केली, वेड-नेस-डे, नटुरे, फुटुरे, टु-गेट-हर, कनोव-लेड-गे. लेफ्टनंट तर लाय-यू-टेन-अँट म्हणून अजून चुकत नाही. हेच सिलॅबल का? की हे भलतंच काहीतरी होतं आणि आमचं सगळंच चुकीच्या पायावर उभं आहे?

जाणकारांनी कृपया सोप्या मराठीत सांगावं. व्हिडिओच्या लिंका नकोत, चार बघितले, सगळे टाळ्या वाजवतात आणि निघून जातात.

निवांत_नाना:
आमच्या वेळी सिलॅबल नव्हते, छडी होती. एक छडी एक स्पेलिंग. बाजूला बसून वाचतोय.

खडूफळा:
ताई, आधी लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर चुकलं पण तर्क शंभर टक्के बरोबर आहे. बावीस वर्षं प्राथमिकला शिकवतोय, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, ही डॉ-क्ट-र वाली मुलं दरवर्षी भेटतात. आणि ही चूक फक्त आपल्या मुलांची, साहेबाचं पोर ही चूक करणारच नाही कारण त्याच्या डोक्यात बाराखडी नसते.

गंमत अशी की आपण अक्षर मोजतो ते लिहिण्याचं एकक आहे. जोडाक्षर कागदावर एक, म्हणून पु-स्त-क. पण तोंडाने पुस्तक म्हणा बघू. सावकाश. पुस्-तक. स् पहिल्या तुकड्यात गेला, त पुढच्यात, आणि क ला तर स्वतंत्र तुकडाच नाही, तो त ला चिकटून बसला. म्हणजे लिहिताना तीन आणि बोलताना दोन. कमल लिहिताना तीन, बोलताना क-मल. आपली जीभ सिलॅबल रोज पाडते, फक्त पाटीवर त्याची नोंद होत नाही. इंग्रजीवाले ही बोलण्याची मोजणी मागतात एवढाच फरक.

आता टाळ्या नका वाजवू, टाळ्यांनी मूल आपल्याला हवं तिथे वाजवतं. हनुवटीखाली हात आडवा धरायला सांगा आणि शब्द म्हणायला लावा. स्वर आला की जबडा खाली येतो, हनुवटी हाताला टेकते. जितक्या वेळा टेकली तितके सिलॅबल. डॉक्टर दोनदा. पिकनिक दोनदा. एरिया म्हणा, तीनदा, आणि स्पेलिंगमध्ये अक्षरं फक्त चार! उलट स्ट्रेंग्थ्स, म्हणजे स्ट्रेंग्थचं अनेकवचन, त्यात नऊ अक्षरं आणि सिलॅबल एक. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की पोरं पैजा लावतात.

स्वर म्हणजे कानाला ऐकू येणारा स्वर हं, ए ई आय ओ यू ही अक्षरं नव्हेत. केक मध्ये ए आणि ई दोन आहेत पण शेवटचा ई मुका.

टेबलचं सोपं आहे. शेवटी एल ई असेल आणि त्याच्या आधी व्यंजन, तर ते तिघं एकत्र राहतात. टी ए, बी एल ई. कँडल, ॲपल, लिटल सगळे तसेच. मागून तीन मोजा आणि रेघ मारा. तिथे ल् स्वतःच स्वराचं काम करतो.

कॅमलवर रात्री लिहितो, आता गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे.

चौथी_सीट:
लोकल मधे हनुवटीखाली हात धरून डॉक्टर डॉक्टर म्हणतोय, समोरच्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. हसून हसून पुरेवाट.

वृत्तवेडा:
खडूफळा सर, क्या बात. यात मी थोडी भर घालतो, कारण ही मोजणी आपल्याकडे नाही असं कोणी समजू नये. आपण सगळे दहावीपर्यंत यमाताराजभानसलगा करत आलो ना, मग त्यात नियम काय होता आठवा. ऱ्हस्व अक्षर लघु, पण पुढे जोडाक्षर आलं आणि आघात पडला तर तेच ऱ्हस्व अक्षर गुरु. का बरं? मला शाळेत कुणीच सांगितलं नाही, नियम आहे पाठ करा. कारण हेच आहे जे सरांनी वर सांगितलं. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागे येऊन बसतं, तुकडा बंद होतो, जड होतो, म्हणून गुरु.

मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, दुसऱ्या श्लोकाच्या पहिल्या ओळीतला सज्जना घ्या. लिहिताना स-ज्ज-ना, पण चालीत म्हणताना सज्-ज-ना, गा ल गा. भक्तीमधला भक् तसाच. लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या प्रत्येकाने सिलॅबल पाडलेले आहेत, फुकट, आणि एकही फुली न खाता.

आणि आघात पडत नाही ते उदाहरणही आपल्याकडे आहे, तुझ्या, माझ्या. तुझ्या मधला तु लघुच राहतो कारण झ्य सगळाच पुढे जातो. तु-झ्या. तेव्हा मीठमोहरी, लेकीला सांगा जोडाक्षर कधी फुटतं कधी फुटत नाही, कान लावून ठरवायचं.

मीठमोहरी:
बापरे, इतकं छान समजावताय सगळे, थँक्यू. हनुवटीवाला प्रयोग केला, घरात आता सासूबाई पण करतायत, त्यांनी उपवास शब्दाचे किती तुकडे होतात ते मोजलं :) पण कॅमल टायगर कोणीतरी सोडवा प्लीज, ती रोज विचारते.

टेम्सकाठची_माई:
मी सांगते, माझी नातवंडं इकडे इंग्लंडात आहेत आणि मी गेली सहा वर्षं त्यांच्या फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकण्यात, भरडून निघालेय.

बघ मीठमोहरी, सिलॅबल म्हणजे एक खोली समज. खोलीच्या शेवटी व्यंजन असेल तर दार बंद, आतला स्वर आखूड होतो. शेवटी स्वरच असेल तर दार उघडं, स्वर लांब होतो आणि इंग्रजीत तो बहुतेकदा अक्षराचं नावच घेऊन बाहेर येतो, ए ला ए, आय ला आय, ओ ला ओ. आता टायगर, टी आय वर दार उघडं ठेवलं म्हणून टाय. जी मागे ओढला असता तर टिग झालं असतं, टिगर. कॅमलमध्ये सी ए वर दार उघडं ठेवलंस तर केमल होईल! म्हणून एम ला मागे ओढून दार लावायचं, सी ए एम, कॅम. टीचरची फुली त्यासाठी आहे.

जोड्या लावून दे तिला, लगेच पटतं. रोबॉट आणि रॉबिन, पहिल्यात आर ओ उघडा, दुसऱ्यात आर ओ बी बंद. स्टुडंट आणि स्टडी. फायनल आणि फिनिश, दोन्हीकडे सुरुवात एफ आय एन, पण फायनलला एफ आय वर तोडायचं आणि फिनिशला एफ आय एन वर. पायलट, पेपर उघडे, लेमन, मेटल बंद.

आता तू विचारशील की आधी कसं कळणार उघडा की बंद? तर कळत नाही. मधे दोन व्यंजनं असली की सोपं, दोघांच्या मधून तोड, रॅबिट, नॅपकिन, पिकनिक, डॉक्टर. एकच असलं की आधी उघडं ठेवून वाचून बघ, ओळखीचा शब्द झाला तर ठीक, नाही तर व्यंजन मागे ओढून परत वाच. दोन प्रयत्नांत शब्द सापडतो. वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेत ऑर्टन नावाचे मेंदूचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम बाई यांनी कामाला सुरुवात केली, त्या परंपरेत सिलॅबलचे सहा प्रकार शिकवतात, बंद, उघडा, मुक्या ई वाला, दोन स्वर जोडीने येणारा, आर ने बिघडवलेला आणि तो सरांनी सांगितलेला एल ई वाला.

इथे २०१२ पासून पहिलीच्या मुलांची, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या, फोनिक्सची तपासणी होते, ४० शब्द मोठ्याने वाचायचे आणि त्यातले २० चक्क खोटे, इंग्रजीत नसलेले. का, तर पाठांतर चालू नये, तोडून वाचता येतंय का ते दिसावं. नातू खोट्या शब्दांत पास आणि खऱ्या शब्दांत अडखळला, कारण खरे शब्द तो आमच्या घरातल्या मराठी इंग्रजीत ऐकत होता!

सरळसोट:
सगळं वाचलं. माफ करा पण हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे. ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्यालाच कळणार कॅमल का केमल, मग तोडून काय मिळवलं? आम्ही घोकंपट्टी करून शिकलो, आज अमेरिकन क्लायंटशी रोज बोलतो, कोणी विचारत नाही तुमचा सिलॅबल उघडा की बंद. डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा, विषय संपला. मुलांच्या डोक्यावर अजून एक ओझं.

टेम्सकाठची_माई:
अरे सरळसोट, तुझं अर्धं बरोबर आहे, शब्द कानावरून गेलेला नसेल तर तोडून उपयोग कमी. पण मूल हजारो शब्द ऐकलेलं असतं आणि वाचलेलं नसतं. त्या दोघांची गाठ घालून द्यायला हे आहे.

टंकनखिळा:
मी पुस्तकांची जुळणी करतो, पूर्वी छापखान्यात, आता कॉम्प्युटरवर. एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. डिक्शनरीतली ती टिंबं उच्चारासाठी नाहीतच!! अमेरिकन डिक्शनरीत मुख्य शब्दात जी टिंबं असतात ती ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कुठे तोडावा यासाठी आहेत. उच्चाराचे तुकडे बाजूला उच्चाराच्या चिन्हांत वेगळे दिलेले असतात. म्हणून स्टडी शब्दाला टिंबच सापडत नाही, कारण एकटा वाय पुढच्या ओळीवर ढकलणं वाईट दिसतं. पण सिलॅबल दोन आहेतच. कित्येक शाळांची वर्कशीटं ही टिंबं बघून बनवलेली असतात आणि मग पोरं मार खातात.

त्यातही साहेबांचं आपापसांत जमत नाही. नॉलेज शब्द अमेरिकन माणूस के एन ओ डब्ल्यू एल वर तोडतो कारण तसा ऐकू येतो, जुना ब्रिटिश जुळारी के एन ओ डब्ल्यू वर तोडतो कारण मूळ शब्द नो आहे. एक कानाचं ऐकतो, दुसरा कुळाचं.

आणि हे भांडण आजचं नाही. अमेरिकेत वेबस्टरसाहेबांनी १७८३ साली स्पेलिंगचं पुस्तक काढलं, तिकडच्या घराघरातली अंकलिपीच म्हणा. त्याआधी चालणाऱ्या इंग्लंडच्या डिलवर्थच्या पुस्तकात क्लस्टर शब्द सी एल यू वर तोडलेला, हॅबिट एच ए वर. वेबस्टर म्हणाले असं तोडलं तर मूल ते क्लू-स्टर आणि हे-बिट वाचणार, जसं बोलता तसं तोडा, क्लस्-टर, हॅब्-इट. नेशनच्या शेवटचं टी आय ओ एन डिलवर्थ दोन तुकडे मोजायचे, वेबस्टरनी एक केला. म्हणजे ताई, तुमच्या लेकीचं कॅमलचं भांडण अडीचशे वर्षं जुनं आहे, तिला सांगा.

कॉम्प्युटरला हे शिकवायला किती त्रास पडला तेही ऐका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग, १९८३ चा प्रबंध, टेक्स नावाच्या जुळणीच्या सॉफ्टवेअरसाठी. त्यांनी नियम नाही लिहिले, शब्दकोशातून अक्षरांच्या जुळणीचे ४४४७ ठसे काढले, कुठल्या अक्षरांच्या शेजारी तोडावं, कुठे तोडू नये. तरीही १४ शब्द हातानेच यादीत घालावे लागले आणि त्यात एक शब्द आहे टेबल! मुलीला म्हणावं तुझ्यासारखंच मशीनचंही टेबलवर अडलं होतं. त्या यादीत प्रोजेक्ट आणि प्रेझेंट पण आहेत, ते तर तोडायचेच नाहीत असं ठरवलं, कारण नाम असेल तर एका जागी तुटतो आणि क्रियापद असेल तर दुसऱ्या, मशीनला काय कळणार वाक्यात कोण आहे.

निवांत_नाना:
टंकनखिळा, एक नंबर. आमच्या वेळी शब्द ओळीत मावला नाही तर आम्ही शेवटची दोन अक्षरं बारीक करून समासात वर चढवायचो.

हेडफोनवाली:
तो नाम-क्रियापदाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर लिहिते. पुण्यात कॉल सेंटरला चार वर्षं काढली, रात्रपाळी. ट्रेनिंगचे पहिले तीन आठवडे फक्त हेच. आमचे ट्रेनर म्हणायचे तुम्ही मराठी लोक सगळ्या सिलॅबलना सारखं वाढता, पंगतीत वाढतात तसं, कोणी नाराज नको. इंग्रजीत तसं नसतं, एकाच्या ताटात पुरणपोळी, बाकीच्यांना नुसतं ताक. एका सिलॅबलवर जोर देतात आणि बाकीचे गिळतात.

रेकॉर्ड म्हणजे नोंद तेव्हा जोर रे वर. करायचं असेल तेव्हा रि-कॉर्ड, जोर मागे गेला. प्रेझेंट तसंच. फोटोग्राफला जोर फो वर, फोटोग्राफी म्हटलं की तो टॉग वर सरकतो, फ-टॉग्-र-फी, आणि फोटोग्राफिक झाला की ग्राफ वर. आपण तिन्हीकडे फोटो फोटो करतो. हॉटेलला जोर टेल वर, डेव्हलपला व्हेल वर, कमिटीला मि वर. शेवटी शन किंवा इक किंवा इटी आलं की जोर बहुतेक त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर, हा एकच नियम मी पाठ केला आणि निम्मी लढाई जिंकले.

आणि गिळणं! कम्फर्टेबल आपण चार तुकड्यांत म्हणतो, टेबल ठेवतोच त्याच्या शेवटी. ते तीनात म्हणतात, कम्फ्-ट-बल. व्हेजिटेबलमध्ये पण टेबल नाही. चॉकलेट दोन, चॉक्-लट. बिझनेस दोन, वेन्सडे दोन. पहिल्या कॉलला मी कम्फर्टेबल म्हटलं आणि समोरच्या आजीबाई म्हणाल्या टेबल नकोय मला, मला बिलाबद्दल बोलायचंय.

सरळसोट:
मग झालंच की. वेन्सडे दोन असेल तर वेड-नेस-डे चुकीचं, म्हणजे आम्हा सगळ्यांना शाळेत चुकीचं शिकवलं. हेच म्हणतोय मी, एकाचा एकाला मेळ नाही.

खडूफळा:
सरळसोट साहेब, इथेच तर सगळी गोची होते. तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला आपण तोडणं म्हणतो. बोलण्यासाठी तोडणं, ते हेडफोनवाली ताईंनी सांगितलं. ओळीच्या शेवटी तोडणं, ते टंकनखिळांचं. आणि तिसरं, स्पेलिंग लक्षात ठेवण्यासाठी तोडणं, ते आपलं वेड-नेस-डे. ते चूक नाही हो, तो मनातला आवाज आहे. लिहिताना मनात वेड-नेस-डे, तोंडात वेन्सडे. मी वर्गात तसंच सांगतो, हा लिहायचा उच्चार, हा बोलायचा. गव्हर्नमेंट लिहिताना गव्ह-अर्न-मेंट, म्हणजे एन लिहायचा राहून जात नाही. एन्व्हायर्नमेंट लिहिताना व्हाय-रॉन. सेपरेट लिहिताना सेप-ए-रेट, मधला ए. नटुरे फुटुरे तर मी अजून पोरांना शिकवतो, फक्त पाहुण्यांसमोर म्हणू नका सांगतो. घोटाळा होतो तो एका कामाचं उत्तर दुसऱ्या कामाच्या वर्कशीटवर तपासलं की.

आता रात्री लिहितो म्हणालो होतो ते, कॅमल माईंनी सोडवलाच, मी त्यावरून स्पेलिंगचं सांगतो. माईंचं दार पुढे नेतो. दार बंद ठेवायचं असेल तर इंग्रजीत कडी घालतात, व्यंजन दोनदा लिहितात. डिनर मध्ये एन दोन, पहिला दाराला, दुसरा पुढच्या खोलीत. एक एन काढला की दार उघडलं आणि डायनर झालं, जेवणाचा जेवणारा झाला. हॉपिंग म्हणजे उड्या मारणं, दोन पी. एक पी काढला की होपिंग, आशा करणं. माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं होतं की मी पास होण्यासाठी उड्या मारतोय, आणि मी ते खोडलं नाही.

बिगिनिंगला एन दोन आणि व्हिजिटिंगला टी एकच, का? हेडफोनवाली ताईंचा जोर. बिगिनमध्ये जोर शेवटच्या गिन वर म्हणून कडी, व्हिजिटमध्ये जोर व्हि वर म्हणून कडीची गरज नाही. अकर्ड म्हणजे घडलं, त्याला आर दोन, ऑफर्डला एकच, तेच कारण. ट्रॅव्हलिंगला इंग्लंडात दोन एल आणि अमेरिकेत एक, तिथे ब्रिटिशांनी स्वतःचाच नियम मोडलाय, त्याला माझा इलाज नाही.

फक्त एक काळजी घ्या. कडी कागदावर असते, तोंडात नसते. आपण मात्र दोन दिसले की दोन म्हणतो, डिन्नर, सम्मर, हॅप्पी, कारण आपल्याकडे दिल्ली आणि दिली वेगळे. इंग्रजीत डिनरच्या आत एकच न ऐकू येतो.

वृत्तवेडा:
कडी! सर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

फलाटवाला:
मी उशिरा आलो. इंग्रजी शब्द आपल्या आजीआजोबांनी कसे तोडले ते पण बघा की राव, त्यांनी तर तोडून परत जोडले. आपल्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी दोन व्यंजनं जड जातात, मग मधे स्वर घुसवायचा, ग्लासचा गिलास, एकाचे दोन झाले. फिल्मचा फिलिम, तिथेही एकाचे दोन. स्क्रूच्या आधी इ लावला, इस्क्रू. स्टेशनला तर आमच्याकडे पुढचा स च उडवला, टेसन. आणि प्लॅटफॉर्मचा फलाट, निम्मा शब्द रुळावर टाकून दिला आणि उरलेल्याला असा घोळवला की आता तो मराठी वाटतो. आजोबा रेल्वेत होते, सिग्नलला शिंगल म्हणायचे आणि गाड्या वेळेवर सोडायचे.

चौथी_सीट:
+१ फलाट. माझं स्टेशन आलं, उतरतो.

हेडफोनवाली:
जाता जाता, तुकडा कुठे पडतो हे इंग्रजी कानाला खरंच ऐकू येतं बरं का. नायट्रेट म्हणजे रसायन आणि नाइट रेट म्हणजे रात्रीचा दर, अक्षरं जवळपास तीच, पण पहिल्यात टी पुढच्या तुकड्यात जाऊन आर ला चिकटतो, जवळजवळ च्र सारखा येतो, दुसऱ्यात टी मागे अडकून गिळला जातो. मी एकदा हॉटेलच्या बुकिंगला नाइट रेट सांगत होते आणि समोरच्याला वाटलं मी खत विकतेय.

मीठमोहरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, किती वेळ काढून लिहिलंत. अपडेट देते.

शनिवारी शाळेत गेले होते, भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला. टीचर बिचाऱ्या चांगल्या आहेत, म्हणाल्या उत्तरांचा कागद वरून येतो, मी त्यावरूनच तपासते. मी त्यांना पु-स्त-क आणि डॉ-क्ट-र सांगितलं तर त्या हसायला लागल्या, म्हणाल्या वर्गात अकरा जणांनी डॉक्टर असाच तोडलाय आणि मला वाटलं मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं! मार्क वाढले नाहीत, पण सोमवारी त्यांनी वर्गात हनुवटी सुरू केलीय.

घरी आता उघडं दार बंद दार चालू आहे. ती प्रत्येक शब्द आधी दार उघडं ठेवून वाचते, म्हणजे परवा लेमन ज्यूसचा लीमन ज्यूस झाला, मग स्वतःच म्हणाली नाही नाही, दार लावते. टेबलचं मशीनलाही अडलं होतं हे ऐकून तर तिने वर्कशीट फ्रिजवर चिकटवलंय, फुलीसकट. वेड-नेस-डे लिहिताना मनातल्या मनात म्हणायचं म्हटलं तर ओठ हलतात तिचे, नवरा म्हणतो जप करतेय.

पण आता नवीन संकट. काल फायर शब्द आला. ती म्हणते हनुवटी एकदा लागली, नवरा म्हणतो फा-यर, दोनदा, मला दर वेळी वेगळं वाटतंय. एक की दोन?

टेम्सकाठची_माई:
एक.

हेडफोनवाली:
पटकन म्हटलं तर एक, ओरडलं तर दोन. आग लागल्यावर कोणी मोजत नाही :)

टंकनखिळा:
ओळीच्या शेवटी तोडत नाहीत, माझ्यासाठी एक. पण याच जातीचा अजून एक घोळ आहे. पीठ या अर्थाचा फ्लावर आणि फूल या अर्थाचा फ्लावर, स्पेलिंग वेगळी. डिक्शनरीत पिठाचा एकच तुकडा, फुलाचे दोन. आणि म्हणायला लावलं तर बहुतेक इंग्रज दोन्ही अगदी सारखेच म्हणतात. म्हणजे तोंडात एकच आवाज, आणि कागदावर एकीकडे एक तुकडा एकीकडे दोन.

खडूफळा:
हा फळ्यावर घालतो उद्या.

निवांत_नाना:
आमच्याकडे फ्लावर म्हणजे भाजी. तिचे तुकडे बायको पाडते, आणि दोनात भागत नाही.